घरच्या घरी ब्रेक पॅड बदलणे (खानदेश)

मोटारीच्या डिस्क ब्रेकमधले (चाकासोबत फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी दाबणारे) झिजलेले पॅड गॅरेजला न जाता घरीच बदलण्याचे काम. जळगाव, धुळे, नंदुरबार भागात दिसणाऱ्या बहुतेक लहान मोटारींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. म्हणून हे काम पुढच्या दोन चाकांचे. मागच्या ड्रममधले लायनर मेकॅनिककडेच सोपवलेले बरे.

नव्या पॅडवर साधारण 10 ते 12 मिमी जाडीचा घर्षणाचा थर असतो. तो 3 मिमीवर आला की पॅड बदलावेत, आणि तेही दोन्ही चाकांचे एकदमच. बऱ्याच पॅडना पत्र्याची बारीक पट्टी असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किरकिरते. कन्नड घाटातून चाळीसगावला किंवा तोरणमाळहून शहाद्याकडे ब्रेकवर पाय ठेवूनच उतरणाऱ्याचे पॅड लवकर संपतात. खालच्या गिअरमध्ये उतरणाऱ्याचे टिकतात.

चाकाच्या फटीतून बॅटरी मारली की दिसतो तो बाहेरचा पॅड, आणि फसगत होते ती इथेच. पॅड डिस्कवर दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर; तो दोन पिनांवर सरकतो. पिनेवरचे रबर फाटले की काळ्या मातीचा चिखल आत जातो आणि पिन गंजून अडकते. मग कॅलिपरमधल्या पिस्टनचा (पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याचा) सगळा जोर आतल्या पॅडवर येतो: बाहेरचा अर्धा शिल्लक, आतला पार पत्र्यापर्यंत गेलेला. अशा वेळी नुसते पॅड बदलणे म्हणजे पैसे वाया. पिना काढून पुसाव्यात, ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे, फाटके रबर बदलावे.

हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावावेत आणि गाडी उचलण्याआधीच नट सैल करावेत. मातीच्या अंगणात जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी हवी; नुसत्या जॅकच्या भरवशावर मात्र गाडीखाली हात घालू नये, स्टँड लावावा. सोडवलेला कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने वर बांधावा. पिस्टन सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या पकडीने) हळूहळू मागे दाबताना बॉनेटखालच्या बाटलीतले ब्रेक ऑइल वर चढते. ते सांडले तर रंग उडवते. पॅड झिजून साठलेली भुकटी फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. डिस्कवर खोल चरे असतील किंवा तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली असेल, तर डिस्कही बदलावी लागते.

चाक बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहावे. हे राहिले तर पहिला ब्रेक सरळ तळाला जातो आणि गाडी कंपाउंडच्या भिंतीवर. पहिले दोनेकशे किलोमीटर गरज नसताना करकचून ब्रेक मारू नये, घाटही टाळावा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट 4 या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान 230 अंश सेल्सिअस, ओलावा मुरल्यावर 155 पर्यंत खाली येऊ शकतो. मग लांब उतारावर ते उकळून नळीत वाफ धरते, आणि पॅड कोरे असूनही पेडल मऊ पडते.