पट्ट्याची पेस्ट

वस्तरा, पटाशी, रापी असल्या बारीक धारेच्या हत्यारांना शेवटचा हात देताना चामड्याच्या पट्ट्यावर जी एकदम बारीक घासणारी पावडर तेलात नाहीतर मेणात कालवून लावतात, ती म्हणजे पट्ट्याची पेस्ट. निसणा धार काढतो, पेस्ट ती गुळगुळीत करते आणि कोरा पट्टा फक्त वाकलेली कड सरळ करतो, ही तीन कामं वेगळी आहेत आणि बहुतेक लोकांची गफलत इथंच होते, हत्यार बोथट झालं की निसणा सोडून सरळ पेस्ट फासायला बसतात.

सगळ्यात जास्त चालते ती हिरवी, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड. चांगल्या मालात कण साधारण 0.5 मायक्रॉनचा असतो, आपला केस 50 ते 100 मायक्रॉन जाड, यावरून अंदाज घ्या. लाल पेस्ट म्हणजे आयर्न ऑक्साइड, सोनाराकडं पॉलिशला असते तीच, ती मऊ आहे त्यामुळं चमक आणते पण लोखंड फार खात नाही. पांढऱ्या-करड्या पेस्टमध्ये बऱ्याचदा ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं, म्हणजे आपला कुरुंदच, इंग्रजीतला कॉरंडम हा शब्दसुद्धा दक्षिणेतल्या कुरुंदावरूनच गेलाय. आणि डायमंड पेस्ट, 1, 0.5, 0.25 मायक्रॉन अशा नंबरात मिळते, महाग पण थोडी पुरते. व्हॅनेडियम जास्त असलेल्या नव्या कडक स्टीलला हिरवी पेस्ट पुरी पडत नाही कारण त्यातले कार्बाइडचे (धातू आणि कार्बन मिळून झालेले) कण तिच्यापेक्षा कडक असतात, तिथं डायमंडच लागते. घरात टूथपेस्ट लावून बघणारे पण आहेत, तिच्यात नुसता खडू असेल तर तो स्टीलपेक्षा कितीतरी मऊ, हात दुखण्यापलीकडं काय होत नाही.

चामड्याच्या बाबतीत बेळगाव भाग नशीबवान म्हणायचा. अथणी, निपाणीकडं कोल्हापुरी चपला बनतात (या चपलांचा जीआय टॅग, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाची सरकारी ओळख, महाराष्ट्रातले 4 आणि कर्नाटकातले 4 अशा 8 जिल्ह्यांना मिळून आहे, त्यात बेळगाव येतोच) आणि त्याचं चामडं बाभळीची साल न् हिरडा घालून कमावलेलं असतं. असलं कडक, दाबलं तर जास्त न खचणारं चामडं पट्ट्याला एकदम बेस्ट. चपलेच्या तळव्याचा उरलेला तुकडा सपाट फळीवर चिकटवला की झाला पट्टा. मऊ स्पंजासारखं चामडं नको, कारण हत्यार दाबल्यावर ते खचतं आणि धारेच्या मागून परत वर उठतं, तेवढ्यात कड गोल होते.

पेस्ट किती लावायची तर फार थोडी. वडी असेल तर खडूनं पाटीवर रेघा ओढल्यासारख्या चार-पाच रेघा मारायच्या आणि बोटानं चोळून जिरवायच्या, चामडं हिरवट दिसलं पाहिजे, थर दिसता कामा नये. हात (म्हणजे पट्ट्यावरची एक ओढ) कायम पाठीकडून, म्हणजे पाठ पुढं आणि धार मागं, उलटं केलं तर चामडं कापलं जातं. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही पट्ट्याला टेकलेली ठेवायची म्हणजे कोन आपोआप बसतो, आणि टोकाला पोचलं की पाठीवर उलटायचा, धारेवर नाही. सलूनमधल्यासारखा हुकाला टांगलेला पट्टा असेल तर तो ताणून धरायचा, ढिला सोडला की परत तीच गोल कड. पेस्टवर 10 हात पुष्कळ झाले, मग दुसऱ्या कोऱ्या पट्ट्यावर 40-50 हात. चालताना पट्ट्यावर काळ्या रेघा उमटतात, ते घासून निघालेलं लोखंड, म्हणजे पेस्ट काम करतेय.

सुताराच्या पटाशीला जरा वेगळं, तिची सपाट बाजू पट्ट्यावर एकदम आडवी टेकवून आणि उताराची बाजू निसण्यावरच्याच कोनात ओढायची, नाहीतर वर्कशॉपवाले ज्याला बर म्हणतात तो लोखंडाचा पापुद्रा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नुसता लोळत राहतो. मी स्वतः एकदा उत्साहात पेस्टचा जाड थर देऊन पटाशी शंभरभर वेळा दाबून ओढली, आरशासारखी चमकली, पण सागवानावर घातली तर घसरायला लागली. परत निसण्यावर अर्धा तास गेला.

उसाच्या कोयत्याला, खुरप्याला हा प्रकार नकोच, तिथं कानस मारायची न् कामाला लागायचं, पहिल्याच सरीत माती लागली की पॉलिश संपलं.

न्हाव्याच्या धोकटीतला खरा वस्तरा आता आपल्याकडं कमीच दिसतो. रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीनं सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड घालायची पद्धत आली आणि पट्टा भिंतीवरून उतरला, एकच पट्टा सगळ्यांच्या वस्तऱ्याला लागणार म्हटल्यावर ते बरोबरच झालं. आता पेस्ट विकत घेतात ते सुतार, चामड्याचं काम करणारे आणि घरी हौसेनं वस्तऱ्यानं दाढी करणारी पोरं. बेळगावातल्या उद्यमबागेसारख्या कारखान्यांच्या भागात बफिंगसाठी, म्हणजे मशीनवर धातू चमकवायला, हिरवी वडी वापरतात, जात तीच, पण त्यातला कण कधीकधी भरड असतो, पटाशीला चालतो, गालाला नाही.