वाँग फेइ-हुंग : चित्रपटनायकाचे पुनरुज्जीवन

वाँग फेइ-हुंग (१८४७–१९२५) : दक्षिण चीनमधील हुंग-गार मुष्टियुद्धाचे गुरू व वैद्य. १९४९ पासून हाँगकाँगच्या कँटोनीज चित्रपटांचे नायक. १९९१ मध्ये दिग्दर्शक त्सुइ हार्क यांनी ही व्यक्तिरेखा नव्या प्रेक्षकांसाठी पुन्हा उभी केली. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्या पुनरुज्जीवनाविषयी आहे.

जन्मवर्षाबाबत मतभेद आहेत. १८४७ आणि १८५६ अशी दोन्ही वर्षे आढळतात. येथे पहिले स्वीकारले आहे. जन्म ग्वांगडाँग प्रांतातील फोशान परिसरात झाला. वडील वाँग केइ-यिंग यांची गणना ‘कँटनचे दहा वाघ’ म्हणून गाजलेल्या युद्धकलानिपुणांत होते. वाँग यांचा ‘पो ची लाम’ हा दवाखाना १९२४ च्या व्यापारी दलाच्या (व्यापाऱ्यांच्या सशस्त्र पथकाच्या) उठावात जळाला. त्यांचे म्हणून छापले जाणारे छायाचित्र बहुधा मुलाचे असावे. चरित्राचे अस्सल साधन इतके तुटपुंजे असल्याने लाम साइ-विंग या शिष्याच्या परंपरेतील आठवणी आणि त्यांवर बेतलेल्या वृत्तपत्रीय कथा यांनाच चित्रपटांनी आधार मानले. या कथांतील पराक्रम इतिहास म्हणून घेऊ नयेत.

दिग्दर्शक वू पांग यांच्या पहिल्या चित्रपटापासून क्वान तक-हिंग हे कँटोनीज संगीतनाट्यातील नट वाँग यांची भूमिका करू लागले. त्यांच्या नावावर ७० हून अधिक चित्रपट आहेत. एकट्या १९५६ मध्ये या मालिकेचे २५ चित्रपट निघाल्याचे सांगतात. त्यांचा वाँग वडीलधारा, संयमी व क्षमाशील आहे. १९७८ मध्ये जॅकी चॅन यांनी त्याला उनाड तरुण केले आणि आदराची चौकट मोडली.

१९९१ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’ने ती चौकट परत आणली, पण तिच्यासमोर बंदूक ठेवली. परकीय जहाजे, मजुरांची निर्यात व पाश्चात्त्य शिक्षण घेतलेली ‘तेरावी मावशी’ ही नायिका यांमुळे नायकाला स्वतःच्या विद्येबद्दलच प्रश्न पडतो. त्याचा कसलेला प्रतिस्पर्धी गोळ्यांनी मरतो. वाँग मात्र बंदुकीची गोळी बोटाने भिरकावून शत्रूला टिपतो. कथेतील पेच एवढ्याने सुटत नाही, आणि चित्रपटाचे खरे सामर्थ्य याच अपुरेपणात आहे.

शैलीचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. हुंग-गारमध्ये खोल, जमिनीला घट्ट धरणारा पवित्रा, अग्रबाहूंचे वज्रबळ आणि व्याघ्र-क्रौंच या ठरावीक हालचालींच्या संचातील जवळून केलेले प्रहार महत्त्वाचे. १९९१ च्या चित्रपटात वाँग साकारणारे जेट ली मात्र बीजिंगमध्ये घडलेले वुशूपटू (वुशू : चिनी युद्धकलेचा आधुनिक क्रीडाप्रकार). त्यांच्या हालचाली लांब, उंच उड्यांच्या व उत्तरेकडील वळणाच्या. तारांच्या साहाय्याने रचलेल्या शिड्यांवरील द्वंद्वात हे स्पष्ट दिसते. परंपरानिष्ठ यास विपर्यास मानतात. चित्रपट-अभ्यासकांना त्यात प्रादेशिक नायकाचा अखिल चिनी नायक झालेला दिसतो, आणि हे मत अधिक पटण्याजोगे आहे. हुंग-गारचा काटेकोर आविष्कार हवा असल्यास त्या परंपरेत वाढलेले दिग्दर्शक लाउ कार-लेउंग यांचा वाँगवरील १९७६ चा चित्रपट पाहावा. संगीताने मात्र जुना धागा सोडला नाही : क्वान यांच्या चित्रपटांतील ‘सेनापतीची आज्ञा’ ही पारंपरिक धून जेम्स वाँग यांनी शब्दांसह नव्याने बांधली आणि जॉर्ज लाम यांनी गायिली.

पुढील भागांपैकी १९९२ चा दुसरा विशेष उल्लेखनीय. त्यात चिनी क्रांतिकारक नेते सुन यत्-सेन पात्ररूपाने येतात. चौथ्या व पाचव्या भागांत व्हिन्सेंट चाओ नायक होते. २०१४ मध्ये एडी पेंग यांनी तरुण वाँग साकारला.