परवानगीआधी टेबलावर आलेला संगणक

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांमध्ये संगणक असायचा तो वेगळ्या, थंडगार खोलीत. एखादा तक्ता हवा असला की संगणक विभागाकडे मागणी नोंदवायची आणि आपला नंबर लागायची वाट बघायची. तोवर पेन्सिल, खोडरबर आणि रेघांचे मोठाले कागद.

याच कामातली कटकट हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांनी फळ्यावर पाहिली. कोष्टकातला एक आकडा चुकला, की प्राध्यापक तो पुसत आणि मग त्यावर अवलंबून असलेले पुढचे आकडे एकेक करून पुसून पुन्हा लिहीत. एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलले तर? त्यांचे सहकारी बॉब फ्रँकस्टन यांनी प्रोग्रॅम लिहिला आणि १९७९ मध्ये ‘ॲपल २’ या टेबलावर मावणाऱ्या संगणकासाठी ‘व्हिजिकॅल्क’ हे आपोआप हिशेब करणारं कोष्टक बाजारात आलं.

‘ॲपल २’ची निवड कंपनीच्या संगणक विभागाने केलेली नव्हती. हिशेब बघणाऱ्या माणसांनी तो आपणहून आणला, काहींनी तर पदरचे पैसे घालून. व्याज दोन टक्क्यांनी वाढलं तर नफा किती उरेल, हे आता बसल्या जागी कळू लागलं. मला खरी नवनिर्मिती इथेच दिसते: विचारायचं राहून जाणारे प्रश्न माणसं बिनधास्त विचारू लागली. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, १९८३ मध्ये त्यावर चालणारं ‘लोटस १-२-३’ हे तसंच कोष्टक, आणि टेबलावरच्या संगणकाला कंपन्यांची रीतसर मान्यता मिळत गेली.

२००७ नंतर फोनच्या बाबतीत तेच घडलं. एका खिशात ऑफिसचा ब्लॅकबेरी, दुसऱ्यात स्वतःचा आयफोन. पुढच्याच वर्षी ॲपलने आयफोनवर एक्स्चेंजची, म्हणजे अनेक ऑफिसांत वापरल्या जाणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या मेलची सोय दिली. ‘स्वतःचं उपकरण आणा’ हे धोरण, म्हणजे बीवायओडी, त्यानंतरच्या काही वर्षांत रुळलं. कंपनीची माहिती खासगी फोनमध्ये जाण्याची भीती रास्तच होती. पण फोनचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न मात्र मागे पडला. कॅलिफोर्नियातल्या अपील न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल दिला: कामासाठी स्वतःचा मोबाईल वापरावाच लागत असेल, तर बिलाचा वाजवी हिस्सा मालकाने द्यायचा.

महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये निकृष्ट म्हणून सरकारी मोबाईल परत केले, तेव्हा हाच प्रश्न आपल्या दारात आला. पोषणाच्या नोंदी तर भरायच्याच होत्या. मग हातात उरला घरचा फोन आणि घरच्याच पैशांचा रिचार्ज.