अनुभवाचे बोल आणि सवयीचे बोल

“हे केस उन्हात पांढरे झालेले नाहीत” किंवा “तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिले आहेत” असे घरातील थोरांनी म्हटले की तरुण मंडळी सहसा दोहोंपैकी एक मार्ग धरतात. काही जण मुकाट्याने मान डोलावतात आणि काही जण तो सल्ला मनातल्या मनात निकालात काढतात. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट नजरेतून सुटते. पाहिलेल्या पावसाळ्यांतून माणसाला अनुभव मिळतो तशीच सवयही लागते, आणि वयाबरोबर या दोन्ही एकाच आवाजात, एकाच अधिकाराने बोलू लागतात.

दोहोंतील फरक ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ या म्हणीत दडलेला आहे. ज्या समजुतीला आयुष्यात कधीतरी ठेच लागली, त्यामुळे जी दुरुस्त झाली आणि दुरुस्त झाल्यावर पुन्हा वापरून पाहिली गेली, तिला अनुभव म्हणावे. सवय मात्र ठेच लागली नाही म्हणूनच टिकलेली असते. वाट खरोखर चांगली होती म्हणून ठेच लागली नाही, की वाटेतला दगड केवळ नशिबाने चुकला, हे सवयीला स्वतःला सांगता येत नाही.

मनुष्याच्या अंतःप्रेरणेवर कितपत विसंबावे, या प्रश्नावर डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एकत्र लेख लिहिला. त्याआधीची त्यांची मते परस्परांच्या जवळजवळ विरुद्ध होती, हे विशेष. काहनेमन यांनी तज्ज्ञांच्या चुका अभ्यासल्या होत्या, तर क्लाइन यांनी आगीशी झुंजणाऱ्या अग्निशमन अधिकाऱ्यांचे अचूक निर्णय. दोघांचे एकमत झाले ते दोन अटींवर: ज्या क्षेत्रात आपण शिकतो त्यात काहीएक नियमितता हवी, आणि आपल्या निर्णयाचा परिणाम आपल्याला वेळेवर व स्पष्टपणे कळायला हवा. यापैकी एक अट जरी पुरी होत नसेल, तर चाळीस वर्षांच्या वावरातूनही आत्मविश्वास तेवढा वाढतो, जाण वाढेलच असे नाही.

दुसऱ्या अटीचे महत्त्व एका दुःखद उदाहरणावरून कळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक पाश्चात्त्य देशांत तान्ह्या बाळाला पोटावर निजवण्याचा सल्ला सर्रास दिला जात असे, आणि एका पिढीने तो पुढच्या पिढीला प्रेमाने दिला. अशा निजवण्यामुळे झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका वाढतो हे अभ्यासांतून स्पष्ट झाल्यावर १९९२ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाला पोटावर निजवू नये अशी शिफारस केली. त्या वर्षी तेथे दर १,००० जन्मांमागे अशा मृत्यूंचे प्रमाण सुमारे १.२ होते, २००१ पर्यंत ते सुमारे ०.५६ वर आले. आता पहिला आकडा एखाद्या आजीच्या बाजूने पाहावा. हजारातील जवळजवळ प्रत्येक आजी “माझी सगळी मुले पोटावरच झोपली, काही झाले नाही” असे म्हणू शकत होती आणि त्यात तसूभरही खोटे नव्हते. तिचे निरीक्षण खरे होते, पण धोका इतका विरळ होता की एका घराच्या खिडकीतून तो दिसणे शक्यच नव्हते. जे संकट क्वचित येते पण आले तर सर्वस्व नेते, त्याबाबत “आम्हाला कधी काही झाले नाही” हा पुरावा फार तोकडा असतो.

मग क्वचित घडणाऱ्या गोष्टींबाबत थोरांकडून काहीच शिकता येत नाही काय? येते, आणि इंडोनेशियातील सिमेउलुए बेटाने ते दाखवून दिले. १९०७ मध्ये तेथे भूकंपानंतर समुद्राच्या लाटांनी हाहाकार माजवला होता. ‘स्मोंग’ या स्थानिक शब्दाभोवती ती आठवण आजी-आजोबांच्या गोष्टींतून व अंगाईगीतांतून जपली गेली: जोराचा भूकंप झाला आणि मागोमाग समुद्र मागे हटला, तर क्षणही न दवडता उंचावर पळायचे. २६ डिसेंबर २००४ रोजी नेमके तेच घडले. सुमारे ७८,००० लोकवस्तीच्या या बेटावर, भूकंपाच्या केंद्राच्या इतक्या निकट असूनही, सात जणांचा मृत्यू झाला. सत्त्याण्णव वर्षांनंतर ती लाट प्रत्यक्ष आठवणारे कोणी फारसे उरले नसणार. तरीही हे बोल अनुभवाचेच राहिले, कारण नियमासोबत खूण आणि कारण हे दोन्ही पुढे दिले गेले होते. ‘समुद्राजवळ जाऊ नये’ एवढाच उपदेश उरला असता, तर तो चार दिवसांत कोणीही झुगारून दिला असता.

कारण गळून पडले की अनुभवाचीही सवय होते. उपकरणाची बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नये, असे सांगणारे काका आपल्यापैकी अनेकांना असतील. निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांच्या काळात या सल्ल्याला आधार होता. १९९१ पासून बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना मात्र वारंवार पूर्ण रिकामे करणे अपायकारक ठरते. ज्यांना मूळ कारण ठाऊक आहे ते काका बॅटरीचा प्रकार बदलल्याचे ऐकताच सल्ला बदलतात. ज्यांच्याकडे फक्त नियम उरला आहे ते रागावतात. (माझ्या पाहण्यात दोन्ही प्रकारचे काका आहेत, आणि दुसऱ्या प्रकारात हळूहळू मीही सामील होत असल्याचा संशय मला येऊ लागला आहे.)

उलट बाजूची चूकही तितकीच होते, आणि माझ्या मते तीच अधिक महागात पडते. थोरांना आपल्या ठेचा सांगायला बहुधा संकोच वाटतो. त्यामुळे खरा, किंमत मोजून मिळवलेला अनुभव ते सवयीच्या भाषेत गुंडाळून देतात. “आपण कोणाला जामीन राहत नाही” हे वाक्य ऐकायला निव्वळ जुनाट हेका वाटतो. त्यामागे दुसऱ्याच्या कर्जाचे हप्ते फेडण्यात गेलेली उमेदीची वर्षे असू शकतात. म्हणून नुसते “का?” असे विचारू नये. त्या शब्दाने समोरची व्यक्ती समर्थनाच्या पवित्र्यात जाते. “असे न केल्यामुळे एकदा काय झाले होते?” असे विचारावे. अनुभव असेल तर उत्तरात प्रसंग येतो, कोणाचे किती नुकसान झाले ते येते आणि बहुतेक वेळा अपवादही येतो: “पण तुझ्या आत्याच्या वेळी मी राहिलो होतो, कारण तिचा सगळा हिशेब मला माहीत होता.” स्वतःच्या मर्यादा ठाऊक असणे ही अनुभवाची सर्वांत भरवशाची खूण आहे. सवय अपवाद जाणत नाही.

काही विषयांत तर थोरांवाचून पर्याय नसतो, कारण तेथे परिणाम कळायलाच दशके लागतात. सहा टक्के चक्रवाढीने रक्कम दुप्पट व्हायला सुमारे बारा वर्षे लागतात, हे बहात्तरला सहाने भागून कोणालाही काढता येते. पण मधल्या बारा वर्षांत ती रक्कम मोडण्याचा मोह किती वेळा होतो, हे पंचवीस वर्षांच्या माणसाने पाहिलेलेच नसते. गुडघे, मैत्री, भावंडांशी धरलेला अबोला, दीर्घ मुदतीचे कर्ज यांचे निकालही असेच उशिरा लागतात. मात्र तो निकाल प्रत्येकाला एकदाच मिळतो, म्हणून एकाच व्यक्तीला न विचारता चार-पाच जणांना विचारावे आणि त्यांत ज्यांचे गणित चुकले अशांनाही धरावे. यशस्वी माणसे आपल्या सवयींना यशाचे श्रेय सहज देऊन टाकतात.

कधी प्रामाणिक उत्तर येते, “कारण आठवत नाही, आम्ही असेच करत आलो.” अशा वेळी सल्ला पाळण्यात फारसे काही जात नसेल, तर कारण दुसरीकडे शोधून होईपर्यंत तो पाळावा. तो तान्ह्या बाळाविषयी, औषधोपचाराविषयी किंवा मोठ्या रकमेविषयी असेल, तर त्या विषयातील जाणकाराला आधी विचारावे, आणि जे कळेल ते घरी येऊन सल्ला देणाऱ्यांनाही सांगावे.