‘यू’ म्हणजे बालचित्रपट नव्हे
साने गुरुजींनी जिथे शिक्षक म्हणून काम केले त्या अमळनेरपासून थेट धुळे-नंदुरबारपर्यंत ‘सेन्सॉर बोर्डाचे यू प्रमाणपत्र आहे, म्हणजे चित्रपट मुलांसाठीच’ असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. ‘यू’चा अर्थ सर्वांना पाहण्यास मोकळीक एवढाच, पहिलीतल्या मुलाला तो झेपेल का, हे प्रमाणपत्र सांगत नाही. साने गुरुजींच्याच पुस्तकावरच्या 1953च्या ‘श्यामची आई’ चित्रपटाला मिळालेले राष्ट्रपतींचे सुवर्णपदकही दर्जासाठी होते, वयोगटासाठी नव्हे. पुस्तकात श्याम ही कहाणी 42 रात्रींत सांगतो, त्यामुळे कर्ज, अपमान आणि आईचा मृत्यू यांच्यामध्ये मुलाला उसंत मिळते; पडद्यावर ते सारे एकाच बैठकीत अंगावर येते. हुंदके देणाऱ्या चिमुरड्यांकडे पाहून ‘संस्कार झाले’ म्हणणे मला तरी पटत नाही. पाचवीपुढच्या मुलांना मात्र हा चित्रपट मध्ये थांबवत, बोलत जरूर दाखवावा.