माल ओढत नाही? ड्रम नव्हे, रील बघा

वाळवा-पलूसपासून कराड-कोरेगावपर्यंत, ऑक्टोबरात सोयाबीनच्या शिवारात एक तक्रार हमखास ऐकू येते: 'हार्वेस्टर माल ओढत नाही.' दाणे झोडून काढणारा ड्रम चोकअप होतो, पट्टा चरचरतो, जळका वास सुटतो आणि सगळे ड्रमकडं धावतात. दोष बहुतेक वेळा पुढं, हेडरमध्ये म्हणजे मशीनच्या कापणाऱ्या तोंडात असतो: पीक कापणारी दातेरी पट्टी म्हणजे कटरबार, आणि कापलेलं पीक मध्यावर गोळा करणारा मळसूत्री रूळ म्हणजे ऑगर, यांच्यापाशी.

कापलेलं पीक मागं सरकताना त्याचा वेग वाढत जायला हवा, म्हणजे थर पातळ होतो. ताशी 4 किलोमीटरनं चालणारं मशीन सेकंदाला 1.1 मीटर पुढं जातं. उभं पीक कटरबारवर झुकवणारं फिरतं चक्र म्हणजे रील; तिच्या फळ्या त्याहून थोड्या जलद, फार तर सव्वापट. फीडर चेन ऑगरकडून ड्रमकडं सेकंदाला अडीच-तीन मीटरनं पीक वर चढवते. 60 सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला 500 फेरे घेत असेल, तर त्याचा काठ सेकंदाला 15 मीटरच्या पुढं पळतो. मधला एखादा टप्पा रेंगाळला की तिथं ढीग साचतो आणि तो गठ्ठ्यानं ड्रमवर आदळतो. ड्रम एकसारखा न घुमता थांबून-थांबून धडधडत असेल, तर तो खोलण्यात वेळ घालवू नये.

रीलचा हिशेब बांधावरून करता येतो. एका फळीला आधीच खडूनं खूण करा आणि फेरे मोजा. रीलचा व्यास एक मीटर असेल, तर ताशी 4 किलोमीटरला मिनिटाला पंचवीसच्या आसपास फेरे हवेत. पंधरा भरले तर काड्या कटरबारवरच लोळतात. चाळीस भरले तर वाळलेल्या शेंगा तिथंच तडकतात. भाडं एकरावर ठरलेलं असतं, त्यामुळं ड्रायव्हर गिअर वाढवतो, पण पुष्कळ मशीनवर रील आपोआप वेग घेत नाही. फेरे मोजले, तर शेतकरी-ड्रायव्हरची निम्मी भांडणं इथंच मिटतील.

हेडरमध्ये मुळासकट उपटलेली झाडं दिसली, किंवा मागं राहिलेले बुडखे उभे चिरलेले असले, तर ब्लेड बोथट झालंय. ते कापत नाही, ओढतं.

ऑगरच्या मधल्या भागातली बोटं हा या यंत्रातला मला सगळ्यात आवडणारा भाग. ती पुढं बाहेर येतात, पीक पकडतात आणि मागं गेल्यावर आत ओढली जातात. बोटांचा दांडा नळकांड्याच्या मध्यावर नसून थोडा बाजूला बसवलेला असतो, एवढीच त्यातली करामत. तो दांडा जागचा फिरला, तर बोटं मागच्या बाजूलाही बाहेरच राहतात. मग पीक चेनकडं न जाता ऑगरभोवती गुंडाळलं जातं. बोटं तुटली किंवा त्यांच्या बुश झिजल्या, तरी पकड जाते.

कधी मशीनचा काहीच दोष नसतो. सकाळी दहिवर असतं तेव्हा काडी वातड होते. शेतात केना माजला असेल, तर त्याच्या रसाळ वेली रीलला आणि ऑगरला हमखास वेढे घालतात. दहिवर उठेपर्यंत थांबावं. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेल्या 'फुले संगम'सारखं वाण भरघोस वाढून लोळलं असेल, तर ते ज्या दिशेला पडलंय तिच्या उलट बाजूनं कापावं आणि रील थोडी पुढं, खाली घ्यावी.

अडकलेलं काढताना इंजिन बंद, चावी खिशात, हेडरखाली टेकू. सेकंदाला तीन मीटरनं धावणारी चेन पाव सेकंदात 75 सेंटिमीटर आत जाते, आणि हात सोडायचं सुचायलाच तेवढा वेळ लागतो.

जुळवणी झाल्यावर मशीन चालू कापणीत थांबवून चार-पाच मीटर मागं घ्यावं. न कापलेल्या पिकात एक चौरस मीटरमध्ये पडलेले दाणे मोजावेत, मग कापलेल्या पण मागचा भुसा न पडलेल्या पट्ट्यात मोजावेत. दोन्हींतला फरक हेडरचा. शंभर दाण्यांचं वजन 12 ग्रॅम धरलं, तर फरकाचे 40 दाणे म्हणजे एकरी 19 किलो सोयाबीन.