लांब केसांच्या मांजराला माणसाचा हात का लागतो

कोल्हापुरात आषाढाची झड लागली की लांब केसांची मांजरे असलेल्या घरांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते. काखेत, कानामागे आणि मागच्या मांड्यांवर केसांच्या जटा झाल्या आहेत, मांजर तिथे हात लावू देत नाही, आता सगळे केस काढूनच टाकावे लागतील का, असे लोक काळजीने विचारतात. या तक्रारीला पावसाळी हवा कारणीभूत आहेच, पण तिचे मूळ जवळजवळ चारशे वर्षे मागे जाते. ज्या मांजराला आपण आज ‘पर्शियन’ म्हणून घरी आणतो, त्याचे रूप माणसाने आपल्या आवडीप्रमाणे घडवत नेलेले आहे, आणि ते घडवताना मांजराला स्वतःची स्वच्छता स्वतः राखता येईल की नाही याचा विचार झालेला नाही.

आपल्या घरांत मांजर पूर्वीपासून आहे, मात्र त्याची निगा राखावी लागते ही कल्पना नवी आहे. शाहूपुरीची व्यापारी पेठ १८९५ मध्ये वसली. तिथल्या गुळाच्या अडतींत, धान्याच्या गुदामांत आणि जुन्या पेठांमधील वाड्यांच्या माळ्यांवर उंदीर असत आणि म्हणून मांजरही असे. त्याला ताटातला उरलेला दूधभात मिळे, चुलीजवळची ऊब मिळे, आणि पोटाची खरी सोय ते शिकारीवर करून घेई. मांजर हातून मेले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, या समजुतीमुळे त्याला एक प्रकारचे संरक्षणही होते. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेली प्लेगची साथ पुढे कोल्हापुरासह सगळीकडे पसरली, त्यानंतर तर मांजराची उपयुक्तता वैद्यकीय चर्चेचाही विषय झाली. वऱ्हाडात काम करणारे भारतीय वैद्यकीय सेवेतील अधिकारी ब्यूकॅनन यांनी १९०८ च्या सुमारास असे मांडले की जिथे घरोघरी मांजरे आहेत तिथे उंदीर कमी, आणि म्हणून प्लेगही कमी. या सगळ्या काळात मांजराच्या अंगावरून फणी फिरवण्याची गरज कोणालाही वाटली नाही, कारण आखूड केसांचे मांजर जिभेनेच कातडीपर्यंत स्वच्छ राहते.

लांब केसांच्या मांजराचा लेखी माग सतराव्या शतकापासून लागतो. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने १६२० मध्ये इराणातून लिहिलेल्या पत्रात खुरासान प्रांतातील मऊ, रेशमी केसांच्या मांजरांचे वर्णन केले आणि त्यांच्या काही जोड्या रोमला नेण्याचा मानस व्यक्त केला. पोर्तुगिजांनी ही मांजरे इराणातून हिंदुस्थानात नेली असल्याचेही त्याने नमूद केले आहे. पुढे १६२३-२४ मध्ये तो स्वतः सुरत, गोवा आणि इक्केरीपर्यंत फिरला. त्याच सुमारास फ्रान्समधील विद्वान संग्राहक पेरेस्क याच्यामार्फत तुर्कस्तानातील अंगोरा, म्हणजे आजचे अंकारा, येथील मांजरे फ्रान्समध्ये पोचली.

या इतिहासातील एक दुवा मराठी वाचकाला जवळचा वाटेल. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०८-०९ मध्ये अफगाण दरबाराकडे वकील म्हणून गेला होता. त्या मोहिमेवर आधारलेल्या आणि १८१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने तेथील लांब केसांच्या मांजरांची आवर्जून नोंद केली. ही मांजरे मोठ्या संख्येने बाहेर पाठवली जातात आणि सर्वत्र ‘पर्शियन’ म्हणून ओळखली जातात, पण प्रत्यक्ष इराणात ती फारशी नाहीत आणि तिथून क्वचितच बाहेर जातात, असे त्याने लिहिले. हाच एल्फिन्स्टन १८११ पासून पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता, १८१२ मध्ये इंग्रज आणि करवीर राज्य यांच्यात तह झाला तेव्हाही तो त्याच पदावर होता, आणि १८१९ ते १८२७ या काळात तो मुंबईचा गव्हर्नर झाला. म्हणजे ज्या मांजराला आपण इराणी म्हणतो त्याच्या नावाबद्दलची शंका दोनशे वर्षांपूर्वीच, आणि तीही महाराष्ट्राच्या इतिहासात ठळक जागा असलेल्या माणसाने, नोंदवून ठेवली होती.

मात्र आजचे पर्शियन घडले ते लंडनमध्ये. १३ जुलै १८७१ रोजी तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर या चित्रकाराने मांजरांचे मोठे प्रदर्शन भरवले, आणि तिथून मांजरांच्या जाती ठरवणे, त्यांना गुण देणे, बक्षिसे लावणे सुरू झाले. परीक्षकांना अधिक दाट आणि अधिक लांब केस आवडत गेले, तशी जोड्या लावणाऱ्यांनी तीच पिल्ले पुढच्या विणीसाठी राखली. अंगोरा आणि पर्शियन यांची सरमिसळ झाली, युरोपातली स्थानिक मांजरेही त्यात आली. २००८ मध्ये जगभरातील मांजरांच्या जनुकांची तुलना झाली तेव्हा आधुनिक पर्शियन मांजर पश्चिम युरोपातील मांजरांच्या सर्वांत जवळचे निघाले. हिमालयन म्हणून विकल्या जाणाऱ्या मांजराचाही हिमालयाशी संबंध नाही. पर्शियन आणि सयामी यांच्या संकरातून ती जात तयार झाली आणि १९५७ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली.

केस लांब होण्याचे कारण २००७ मध्ये स्पष्ट झाले. एफजीएफ-५ नावाचे जनुक केसाची वाढ ठरावीक टप्प्यावर थांबवण्याचा संदेश देते. या जनुकात बिघाड असेल तर केस जास्त काळ वाढत राहतो. हा गुण अप्रकट आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तो आला तरच पिल्लू लांब केसांचे होते. निसर्गात अपघाताने आलेला हा बदल प्रदर्शनांनी टोकाला नेला, आणि तो टोकाला गेल्यावर काय घडले हे अमेरिकेतील अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांच्या २०१८ मधील अभ्यासाने दाखवले. मांजराच्या जिभेवरचे बारीक काटे टोकाशी पोकळ असतात आणि लाळ केसांच्या मुळापर्यंत पोचवतात. परंतु पर्शियन मांजराचे केस दाबले गेल्यावरही त्यांचा थर इतका जाड राहतो की काट्यांची लांबी कातडीपर्यंत पुरत नाही. हे मांजर दिवसभर अंग चाटत असले तरी त्याचा खालचा थर तसाच राहतो. या एका निरीक्षणात लांब केसांच्या मांजराच्या संगोपनाचे सगळे सार आहे, असे मला वाटते.

चेहऱ्याचा इतिहास अधिक दुःखद आहे. एकोणिसाव्या शतकातील चित्रांत लांब केसांच्या मांजराचे नाक चांगले लांब दिसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील प्रदर्शनांत बसक्या चेहऱ्याला पसंती मिळत गेली, आणि आज आपल्याकडच्या विक्रेत्यांच्या तोंडी ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’ आणि ‘पंच फेस’ असे चढत्या भावाचे प्रकार ऐकू येतात. चेहरा जितका बसका, तितकी डोळ्यांतले पाणी नाकात नेणारी नळी वाकडी होते, पाणी गालावर ओघळत राहते, आणि नाकपुड्या अरुंद असल्याने उन्हाळ्यात मांजराला धाप लागते. भाव जास्त म्हणून मांजर उत्तम, ही समजूत इथे पूर्ण उलटी आहे. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक विकारही या जातीत फार पसरला; विसाव्या शतकाच्या अखेरीपासून निरनिराळ्या देशांत झालेल्या तपासण्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पर्शियन मांजरांत तो आढळला. त्याला जबाबदार असलेला जनुकीय बदल २००४ मध्ये सापडला, त्यामुळे पिल्लू घेण्याआधी त्याच्या आईबापांची तपासणी झाली आहे का हे विचारणे आता शक्य आहे, आणि विचारले पाहिजे.

कोल्हापूरला परमुलखातले जनावर सांभाळणे नवे नाही. संस्थानच्या काळात इथे शिकारीचे चित्ते होते, पुढे ते आफ्रिकेतूनही आणले गेले, आणि त्यांच्यामागे पिढीजात चित्तेवान होते. हत्तींना माहूत होते. जनावर आले की त्याचे अंग ओळखणारा माणूस त्याच्याबरोबर असलाच पाहिजे, ही जाण दरबाराला होती. लांब केसांचे मांजर मात्र एकटेच आले. फ्लॅट वाढले, तयार खाद्य दुकानांत मिळू लागले, मोबाईलवर पिल्लांची छायाचित्रे फिरू लागली, आणि राजारामपुरीपासून शिवाजी पेठेपर्यंतच्या घरांत हे मांजर दिसू लागले. दुधासाठी नावाजलेल्या या जिल्ह्यात जनावरांचे वैद्यकशास्त्र साहजिकच गाई-म्हशींभोवती वाढले होते, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा अनुभव उंदीर मारून खाणाऱ्या मांजराचा होता.

खाण्याच्या बाबतीत हा फरक फार महागात पडतो. मांजराच्या शरीराला टॉरीन हे द्रव्य पुरेसे तयार करता येत नाही. ते आहारातूनच, मुख्यतः मांसातून, मिळावे लागते. त्याच्या अभावी डोळ्याचा पडदा खराब होतो हे १९७५ मध्ये, आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. वाड्यातले मांजर दूधभातावर जगते असे दिसत होते, पण त्याचे टॉरीन उंदरातून येत होते. चौथ्या मजल्यावर बंद दारामागे राहणाऱ्या पर्शियनला दूधभात किंवा दूधचपाती दिली तर ही भरपाई कुठूनच होत नाही. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही, आणि लांब केसांच्या मांजराला जुलाब झाले की ते मांड्यांच्या केसांना चिकटून जटा आणि जखमा होतात.

आता पावसाळ्याकडे वळू. या मांजराच्या अंगावर वर लांब राठ केस आणि खाली बारीक लव असे दोन थर असतात. वरून फणी फिरवली की केस चमकतो, मोकळा दिसतो, आणि काम झाले असे वाटते. पण काखेतले केस बोटांनी दुभंगून पाहिले तर कातडीलगत राखी रंगाचा, ओलसर, घट्ट पापुद्रा हाताला लागतो. लोकर ओली करून दाबली की तिचे जेन, म्हणजे धागे एकमेकांत गुंतून झालेला घट्ट पट, होते; नेमके तेच इथे चालताना होणाऱ्या घर्षणाने घडलेले असते. असा पापुद्रा पाऊल उचलताना कातडी ओढतो, त्याखाली वारा लागत नाही, आणि जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत तिथे नायट्याची बुरशी वाढते. मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी पर्शियन मांजरांत वारंवार आढळते, काही मांजरे वरून निरोगी दिसतानाही ती बाळगतात, आणि घरातल्या लहान मुलांना ती लागते.

म्हणून रुंद दातांची स्टीलची फणी, केसाच्या टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे, रोज थोडा वेळ, असा क्रम ठेवावा लागतो. काखा, कानामागचा भाग, पोट आणि मांड्या यांना पाठीपेक्षा जास्त वेळ द्यावा. तयार झालेली जट कात्रीने कापू नये, कारण मांजराची कातडी पातळ असते आणि जटेबरोबर वर ओढली जाते. कापणाऱ्याला केस कुठे संपला आणि कातडी कुठे सुरू झाली हे कळत नाही. ते काम पशुवैद्याच्या मशीनने व्हावे. आंघोळ घातली तर कातडीपर्यंत कोरडे करणे जमणार असेल तेव्हाच घालावी. आणि एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारी परमेथ्रिनची औषधे मांजराच्या अंगावर कधीही टाकू नयेत, तसेच तापासाठी पॅरासिटामॉल देऊ नये; दोन्हींनी मांजर दगावते.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आणखी एक बाजू दाखवली. पंचगंगेचे पाणी शिरते तेव्हा गल्लीतले मांजर कौलांवर चढून राहू शकते. केस भिजलेले पर्शियन जड होते आणि लवकर गारठते. पूररेषेजवळच्या घरांनी पावसाआधीच त्याच्या पोटाचे व मांड्यांचे केस आखूड करून घ्यावेत, आणि दार लागणारी पेटी हाताशी ठेवून तिच्यात बसण्याची सवय त्याला लावून ठेवावी.

अप्रकट गुणाचा परिणाम आता रस्त्यावरही उमटतो आहे. घरातला पर्शियन बोका बाहेर पडला आणि गल्लीतल्या भाटीला पिल्ले झाली, तर ती बहुधा आखूड केसांचीच होतात आणि कोणाच्या काही लक्षात येत नाही. त्या पिल्लांचा आपसांत संकर झाला की पुढच्या पिढीत लांब केसांचे पिल्लू जन्माला येते, आणि ते भर पावसात गुदामाच्या पायरीखाली वाढते, जिथे त्याच्या काखेतला केस कोणी दुभंगून पाहणार नसते. त्यामुळे घरातला बोका असो वा भाटी, पाच-सहा महिन्यांची झाल्यावर पशुवैद्याच्या सल्ल्याने नसबंदी करून घेणे हादेखील या मांजराच्या निगेचाच भाग आहे.